जाळीशी ओळख

हौसाबाईंची गर्भपिशवी खाली उतरली होती. तिला आधार म्हणून बसवलेली जाळी शरीराने नाकारली आणि ती काढेपर्यंत दोन वर्षं त्यांना धड बसता आलं नाही. आता बाराजणींवरच्या एका प्रयोगात डॉक्टर शिरीन मुजावर नव्या जाळीवर हौसाबाईंच्याच पेशी वाढवत होत्या, शरीराला ती आपलीच वाटावी म्हणून.

दर गुरुवारी हौसाबाई एसटीने येत आणि प्रयोगशाळेच्या काचेबाहेर बसून जाळीशी बोलत. “मी हौसा. मला खोकला फार, सांभाळून घे. धार काढायला उकिडवं बसावं लागतं.”

“मावशी, तिला ऐकू येत नाही,” डॉक्टरबाई हसल्या.

“नसंना का. अनोळखी माणसाला मी ओसरीवर घेत नाही, पोटात कशी घेऊ?”

ऑपरेशन झालं, जाळी रुजली. डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे अहवालात या गप्पांचीही नोंद केली. लगेच प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्या समितीचं पत्र आलं: प्रयोगात सर्वांना सारखेच उपचार हवेत, तरी उरलेल्या अकराजणींनीही आपापल्या जाळीशी दहा मिनिटं बोलावं.

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला.

अकराजणी लाजत आल्या. पहिली, बँकेतली अधिकारी, खुर्ची काचेजवळ ओढून बसली. मग काचेला कपाळ टेकवून म्हणाली, “नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही गं. हसले की कपडे ओले होतात.” आणि रडायलाच लागली.

चौथीचा नंबर येईपर्यंत प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ झाली.

डॉक्टरबाईंनी समितीला कळवलं: दहा मिनिटं पुरत नाहीत. कृपया प्रत्येकीला एक तास मंजूर करावा.