हद्दीवरचा झाप

पहार पुन्हा खणकन उडाली आणि हैबतीचे दोन्ही हात खांद्यापर्यंत झिणझिणले. कातळावर नखाएवढा पांढरा ओरखडा तेवढा उमटला.

"ऱ्हाऊ द्या आता," चंद्राबाई म्हणाली. "ह्यात घराची मेढ रवायची म्हंजी देवाची थट्टाच."

"चिरा असतीलच की कुठंतरी," हैबती म्हणाला. "माणसाला असत्यात, मग दगडाला नसतील व्हय?"

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. पण म्हणणाऱ्यानं ते कातळावर बांधून पाहिलेलं नसावं. खालची सगळी जमीन कुणा ना कुणाची होती. हैबतीच्या तीन म्हशी आणि ही नवरा-बायको यांचा उभा जन्म लोकांच्या गोठ्यांत गेला होता. मालकाची मर्जी फिरली की वळकटी उचलायची आणि चालू लागायचं. चंद्राबाईला वाडा नको होता, माडी नको होती. सकाळी उठून हळदकुंकू वाहायला स्वतःचा उंबरा हवा होता. गोठ्याला उंबरा नसतो.

डोंगराच्या सोंडेवरचा हा उघड्या कातळाचा सडा कुणालाच नको होता, म्हणून हैबतीनं तो निवडला. एका अंगाला भोर संस्थान उतरत होतं, दुसऱ्या अंगाला इंग्रजांचा खालसा मुलूख.

चिरा सापडल्या. त्यांच्यावर गोवऱ्या रचून पेटवायच्या, कातळ चांगला तापला की वरून गार पाणी ओतायचं. कातळ तडकला की पहारीनं कपचे उकलायचे. असं करत एकेक मेढ बसली. निघालेले दगडही वाया गेले नाहीत, त्यांचाच भोवती गडगा रचला. पायथ्याच्या विंझर गावचे लोक खालून धूर बघून म्हणायचे, हैबती दगड शिजवतोय. शिजू द्या, हैबती म्हणायचा, शिजला की तुमालाबी वाढतो.

वासे आणायला तो नसरापूरच्या बाजारला गेला. परत आला तेव्हा दारात दगडी उंबरा बसलेला होता. लांबट, सरळ, नेमका दाराच्या मापाचा. त्यावर हळदीची बोटं ओढलेली आणि कुंकू वाहिलेलं.

"ह्यो कुठनं आणलास?"

"कारवीत पडला व्हता. म्हशीला बांधून वढला." चंद्राबाईनं कपाळावरचा घाम पुसला. "न्हाई का मापाचा?"

हैबती वाकला आणि उंबऱ्याला हात लावून पाया पडला. इतका आनंद त्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, आणि हे त्यानं बायकोला सांगूनही टाकलं. ती हसली.

छप्पर चढलं, कारवीचे कूड लिंपून झाले, झापात चूल पेटली. धूर दिसताच भोर संस्थानचा रखवालदार चिमाजी चढून आला. "ही संस्थानची हद्द हाय," तो म्हणाला. "झाप मोडायचा." त्याच्यामागून खालच्या अंगानं खालशाचा रखवालदार रखमाजी आला. "ही सरकारी जागा हाय. झाप मोडायचा."

मोडायचा यावर दोघांचं एकमत होतं. भांडण एवढंच, की मोडायचा कुणी. शेवटी हद्द ठरवायला दोन्ही दरबारांनी मिळून एक मोजणीदार पाठवला.

"इथं हद्दीचा दगड होता," मोजणीदार म्हणाला. "एका अंगाला अक्षरं कोरलेला. तो दाखवा, मी लगेच सांगतो जागा कुणाची."

दगड नव्हता. कैक वर्षांपूर्वी तो कारवीत आडवा पडलेला पाहिल्याचं रखमाजीला आठवत होतं, पण तिथं आता नुसती कारवी होती. चिमाजीला वेगळाच वास आला. "ह्यानंच घरात घातला असंल," तो म्हणाला.

मग झडती झाली. गडग्याचा एकेक दगड त्यांनी उलटून पाहिला. आत शिरताना तिघांनी पायताणं बाहेर काढली. उंबऱ्याला पाय लागू न देता ते तो ओलांडून गेले. रखमाजीनं तर वाकून उंबऱ्याची हळद कपाळाला लावली. मोडायचं असलं तरी घर ते घर. आत त्यांनी चुलीचे दगड उपसले, जातं हलवलं, म्हशींच्या गव्हाणीखाली हात घातला. चंद्राबाई पदराचं टोक दातात धरून उभी होती.

"हैबतीलाच इचारा," रखमाजी म्हणाला. "ह्याला खोटं बोलता येत न्हाई. बोलला की कान लाल व्हत्यात. दोन्ही मुलखांत ठावं हाय."

हैबती दारात बसला आणि उंबऱ्यावर हात ठेवला. "ह्या उंबऱ्याची आण. हद्दीच्या दगडाला म्या जन्मात हात लावला न्हाई."

सगळे त्याच्या कानांकडे बघत राहिले. कान होते तसेच होते.

मोजणीदारानं पागोटं काढून डोकं खाजवलं. "मग असं करू. दगड सापडेपर्यंत हा झाप हीच हद्दीची खूण. कुणीही त्याला हात लावायचा नाही. मोडला तर दोन्ही दरबारांचा गुन्हा."

दुसऱ्याला जागा मिळाली नाही, एवढ्यावर दोघेही रखवालदार खूश झाले. चंद्राबाईनं तिघांना दूध दिलं आणि ते उतरून गेले.

हैबती गडग्यावर चढला आणि विंझरकडे तोंड करून आरोळी ठोकली. जन्मभर ज्याला कुणीही उठवलं, त्याच्या घराला आता दोन दरबारांचा पहारा होता. घसा बसेस्तोवर ओरडून तो दारात आला. आत जाताना उंबऱ्याच्या पाया पडायला तो विसरला नाही.

"पर अगं," तो म्हणाला, "येवढा मोठा दगड गेला कुठं असंल?"

चंद्राबाई उंबऱ्यापाशी बसून, रखमाजीनं पुसलेल्या जागी नवी हळद ओढत होती.

"अक्षरं खालच्या अंगाला घातल्यात," ती म्हणाली. "तुमचे कान लाल व्हत्यात, म्हणून सांगितलं न्हाई."