टाकू का?

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून आम्ही दोघं दर रविवारी समुद्रावर गळ टाकायला येतो. घरात बसलं की बाळासाठी सजवलेली ती रिकामी खोली खायला उठते.

नवऱ्याचे नियम कडक. खडकावर एकट्यानं जायचं नाही. काठी उगारण्याआधी मोठ्यानं "टाकू का?" विचारायचं आणि शेजारचा "टाक" म्हणाला की मगच टाकायचं, नाहीतर गळ कुणाच्या तरी कानात.

आज सकाळी तो पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेला. "मी येईपर्यंत हलू नकोस," असं बजावून गेला. पण मी कसली ऐकते!

आसपास चिटपाखरू नव्हतं. तरी पुढच्या खडकाकडे पाऊल टाकण्याआधी सवयीनं ओरडले, "टाकू का?"

"थांब!"

डावीकडून, लहान मुलीचा आवाज. मी जागीच थिजले, आणि पुढच्या खडकावरून डोक्याइतकी उंच लाट गेली.

पाणी ओसरलं. सगळे खडक निथळत होते. डावीकडच्या खडकावर मात्र दोन इवल्या पावलांपुरती जागा कोरडी ठणठणीत होती.

मी मागे सरकले. काठी उगारली.

"टाकू का?"

"आता टाक ना, आई."