पुलापाशी थांबायचं

“मावशीला काढू या, नाना. आता बास झालं,” सुसाट म्हणाला.

नानाने हेडफोन कानावर नीट बसवला. नाना हे त्याचे ऑनलाइन खेळातले नाव. एरवी गल्लीत सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. रविवार असल्यामुळे त्याचे चष्म्यांचे दुकान बंद होते आणि दुपारचे ऊन टेबलापर्यंत आले होते. पडद्यावर पाचही गडी किल्ल्यात आडवे पडले होते. राक्षस मात्र मजेत फिरत होता.

“एकदा हरलो म्हणून कुणी माणूस काढतं का रे?”

“एकदा? या महिन्यात जिंकलोय कधी? तिची पट्टी येईपर्यंत माझी माती होते!”

बाण फिदीफिदी हसला. तो सुसाटचा दोस्त. दोघेही नवे, मोठ्या ग्रुपातून आलेले. हात विजेसारखे चालायचे आणि जीभही. त्या मोठ्या ग्रुपात म्हणे मंद माणसाला खेळ अर्ध्यावर असतानाच हाकलून देत आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे.

“अरे, तुम्ही खरी मावशी पाहिलीच नाही,” कंपाउंडर म्हणाला. तो जुना गडी. दवाखान्यात आजाऱ्यांना समजावून समजावून त्याचा आवाज मऊ झाला होता. “नाना, सांगा ना यांना.”

सांगायचे म्हटले तर दिवस पुरला नसता. हा ग्रुप मावशीनेच जमवला होता. लढायचे इतरांनी, मलमपट्टी तिची. कुणाला लागणार हे तिला घाव बसायच्या आधी कळायचे. रीतही तिनेच घालून दिली. पुलापाशी शेवटचा गडी येईपर्यंत थांबायचे. पुलावर पाय ठेवण्याआधी एकमेकांना वाकून मान द्यायचा. ज्याने जास्त मार खाल्ला, त्याने लूट आधी घ्यायची. नवख्याला हसायचे नाही. आणि खेळाबाहेर कोण कुणाचे काय लागते, हे विचारायचे नाही.

नाना आणि मावशी पुलापाशी अगदी एकदम वाकत, एकाच दोरीने ओढल्यासारखे. “कसं जमतं हो तुम्हाला?” असे कंपाउंडरने विचारले की मावशी खळखळून हसायची. ते हसू ऐकूनच अर्धी लढाई जिंकल्यासारखे वाटे. हल्ली तिचा आवाज येत नव्हता. माइक बिघडलाय, असे तिने लिहून कळवले होते.

“असेल तेव्हाची राणी,” सुसाट म्हणाला. “आता बघा ना. तुम्ही तलवार चालवता तेव्हा ही खांबासारखी उभी. तुम्ही थांबलात की हिला जाग येते. पुलापाशीसुद्धा आधी तुम्ही वाकता, मग सावकाश ही.”

“वय होतं रे माणसाचं.”

“मग घरी बसावं. आणि खरं सांगू? ती कधी चांगली खेळत होती, असं मला वाटतच नाही. जुनी माणसं एकमेकांची टिमकी वाजवतात झालं.”

हे मात्र नानाला लागले. जोरात काहीतरी बोलावे असे ओठांवर आले. पण आवाज चढवायचा नाही, हीही मावशीचीच रीत होती. त्याने डाव्या मनगटाचा पट्टा चर्रकन सोडला आणि पुन्हा घट्ट बांधला.

तो आवाज ऐकून कंपाउंडरने विचारले, “मनगट अजून दुखतंय का?”

“चालायचंच.”

“मत घेऊ या की,” बाण म्हणाला. “तुमची रीतच आहे ना तशी?”

होती. ज्याला काढायचे त्याच्या समोरच मत घ्यायचे आणि त्यानेही मत द्यायचे. एकदा काढले की नाव यादीतून पुसले जाई, परत घेता येत नसे. मावशीचे नाव नाही आणि आपण पूल ओलांडतोय, हे चित्र नानाला डोळ्यांसमोर आणवेना.

“काढा,” सुसाट म्हणाला.

“काढा,” बाण म्हणाला.

“राहू द्या,” कंपाउंडर म्हणाला. “माझा पहिला दिवस आठवतो मला. दहा वेळा मेलो. दहाही वेळा ती माघारी आली माझ्यासाठी.”

“राहू द्या,” नाना म्हणाला.

“म्हणजे आलं मावशीवरच!” कंपाउंडर खूश झाला. “स्वतःला कोण काढतंय? जिंकलो, नाना!”

“घ्या मग,” सुसाट वैतागला. “वाहा ओझं दर रविवारी.”

नानाने पडद्यावरच्या मावशीकडे पाहिले. या पोरांना मावशी एवढीच माहीत होती, खांबासारखी उभी राहणारी आणि उशिरा पट्टी बांधणारी. पुढे येणाऱ्यांनाही ती एवढीच कळणार होती. दर रविवारी तिची थोडी थोडी शोभा होत होती आणि ती होऊ देणारा तोच होता.

“मावशी, लिही गं बाई,” कंपाउंडर म्हणाला.

 मग एकेक अक्षर उमटू लागले.

‘पोरं बरोबर बोलतायत. मी थकले. मला जाऊ द्या. नवीन कुणी आलं तर हसू नका.’

“नाना, थांबवा तिला! तुमचं ऐकेल ती. नाना? आहात ना?”

“आहे.”

“मावशी, मला तसं नव्हतं म्हणायचं…” सुसाटचा आवाज पडला होता. “बस की अजून थोडा वेळ.”

मावशी किल्ल्यातून उठून पुलापाशी आली. मागोमाग नानाही आला. दोघे समोरासमोर उभे राहिले आणि वाकले. एकदम, एकाच दोरीने ओढल्यासारखे.

“जमलं,” कंपाउंडर हळूच म्हणाला. “अगदी पूर्वीसारखं.”

मग मावशी दिसेनाशी झाली.

चष्मेवाल्याने दोन्ही हात उचलले. उजवा आपल्या कीबोर्डवरून आणि डावा शेजारच्या, आता कायमच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीपुढच्या, बायकोच्या कीबोर्डवरून.