रडक्या मुलीचा फोटो

लिफ्ट बंद होती. थोरली बहीण पत्रकांची दोन्ही खोकी घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचली, तेव्हा धाकटी दुसऱ्यावरच कठड्याला टेकून धापा टाकत होती.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मॅनेजरने ओळख करून दिली. लहानपणी कॅन्सरला हरवणाऱ्या ताई आज मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी मदत मागायला आल्यात, असं तो म्हणाला. टाळ्या झाल्या.

धाकटी माइकपाशी गेली. मागे पोस्टर होतं. गुळगुळीत डोक्याची, भोकाड पसरलेली सहा वर्षांची मुलगी. तोंडवळा धाकटीचाच. तो फोटो पाहिला की लोकांचे हात आपोआप खिशाकडे जात.

मदत गोळा करायचं हे वेड मुळात थोरलीचं. भाषणही तिनेच लिहिलेलं. पण चारचौघांत बोलणं तिला जमत नसे, म्हणून बोलणं धाकटीकडे आणि ओझी थोरलीकडे. नऊ वर्षं हेच चाललं होतं. धाकटीला आता स्वतःच्याच आवाजाचा वीट आला होता. आज शेवटचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

भाषण संपलं. पॅकिंग खात्यातला एक माणूस पुढे आला. दाढी वाढलेली, टोपी हातात गोल फिरवत.

"ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. हाच आजार. चार महिने औषधं चाललीत. काल म्हणाली, बाबा, आता पुरे. बायकोही तेच म्हणते. उद्या दवाखान्यात न्यायचं की नाही, तेवढं सांगा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"बरी होईल म्हणतात. ते म्हणणारच. तुम्ही भोगलंय. पुढे माणूस धड राहतं का? खरं सांगा."

असं धाकटीला कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. तिने कोपऱ्यातल्या थोरलीकडे पाहिलं. थोरलीने सगळं ऐकलं होतं. सांग, अशी तिने हलकेच मान डोलावली आणि पुन्हा टेबलं लावायला वळली.

"दादा, फोटो माझाच आहे," धाकटी म्हणाली. "पण मला साधा तापही नव्हता. बहिणीचे केस गेले. तिला एकटं वाटू नये म्हणून आईने माझंही डोकं भादरलं. त्याचं रडू आहे ते. आजारी होती ती शेजारी खिदळत होती. हसऱ्या पोरीकडे बघून कुणी पैसे देईना, म्हणून तिला फोटोतून कापलं."

त्याच्या हातातली टोपी थांबली. "म्हणजे ती... गेली?"

"ती बघा, तुमचं ते टेबल एकटीने उचलतेय."