वीसचे साठ

बाहेर वीज नेणारा फीडर तिसऱ्यांदा बंद पडला तसे साहेब खुर्चीतून उठून थेट पॅनेलपाशी आले. रिलेबाईनं लॅपटॉपची वायर रिलेला लावलेलीच होती. सबस्टेशनात तिला सगळे रिलेबाईच म्हणत. जमिनीत किती करंट गेला की लाइन पाडायची, हे रिलेला तीच शिकवायची.

"वीसचे साठ करा," साहेब म्हणाले. "म्हणजे बसेल गप."

"साहेब, तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली असेल तर साठ अँपिअर जातच नाहीत. रिलेला पत्ता लागणार नाही. तार जिवंत राहील, आणि इथं म्हणे सगळं आलबेल."

"तार तुटलीय म्हणून कोण म्हणालं? फांदी घासत असेल. पाण्याचे पंप बंद पडलेत, वरून फोनवर फोन येतायत. त्यांना काय सांगू, जमीन कोरडी आहे म्हणून?"

पासवर्ड साहेबांकडेही होता. पण रिले मोठा चहाडखोर. कोणी, कधी, कशाचं काय केलं, सगळं पोटात ठेवतो आणि विचारलं की ओकून मोकळा होतो. साप मरावा, काठी मोडू नये, आणि काठी शक्यतो दुसऱ्याची असावी, असं साहेबांचं साधं तत्त्व.

"तुमच्या लॉगिननं करा. तुमचंच काम आहे ते."

"लाइनमनचा निरोप येऊ दे आधी."

लाइनमन म्हणजे तिचा धाकटा दीर. फीडर पहिल्यांदा पडला तेव्हापासून तो खांबाखांबानं पायी निघाला होता, दोष शोधत. नाल्यापलीकडे गेलं की त्याच्या फोनला रेंज नसते.

"तो काय खांबावर चढलाय? खालून चाललाय, वर बघत."

हेच तर. वर बघत चालणाऱ्याला पायाखालची तार कुठली दिसायला?

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, लाइट कधी येणार? ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चाललंय, आणि तो मेला आता शिट्ट्या मारायला लागलाय. ओठ निळे पडायला लागलेत गं."

"सिलिंडर?"

"रिकामा. धाकटा आज भरून आणणार होता, तर त्याचा फोनच लागत नाही. तू आहेस ना तिथं? तुझ्याच हातात असतं ना सगळं?"

तिला रडू आलं, आणि रागही. साहेबांचा राग, सासऱ्यांच्या फुप्फुसांचा राग, हे काम शिकले त्या दिवसाचा राग. खोलीचं दार सताड उघडं होतं. पण उठून जाणार कुठं?

तिनं वीस पुसले. साठ लिहिले. रिले शहाणा, त्यानं एकदा विचारलं, नक्की बदलू? तिनं हो म्हटलं. साहेबांसाठी नव्हे, पण ते खूश झाले.

त्यांनी मान डोलावली, ऑपरेटरनं ब्रेकर लावला. बाहेर यार्डात धाडकन आवाज झाला. सगळे थांबले. फीडर टिकला.

"बघा! फांदीच होती. तुम्ही म्हणजे ना, उगाच राईचा पर्वत," असं म्हणत साहेब फोन लावायला बाहेर गेले.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. जमिनीत जाणारा करंट, एक्केचाळीस. एरवी इथं चार-पाच असतो. फांदी असती तर जळून गेली असती आणि आकडा उतरला असता. हा हलायला तयार नव्हता. कुठेतरी तार जमिनीवर पडली होती, जिवंत, आणि रिलेचं काही म्हणणं नव्हतं.

तिनं दिराला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेच.

मग सासूबाईंचाच आला. "आली गं बाई लाइट! लागलं मशीन. सोन्यासारखी सून माझी."

ती उठली आणि पॅनेलवरच्या स्विचला हात घातला.

"आई, बाबांना उशांना टेकवून बसवा. शेजाऱ्यांना हाक मारा, गाडी काढायला सांगा, दवाखान्यात न्या. लाइट जाणार आहे."

"परत? आता कोण घालवतंय?"

"मी."

तिनं स्विच फिरवला. यार्डात पुन्हा तोच आवाज.

"अगं वेडी झालीस का? हे जातील गं! लाव आधी!"

"आई, भावजी लाइनवर आहेत. पायी. आणि तार खाली पडलीय."

साहेब ओरडत आत आले. तिनं एका हातानं स्विच धरून ठेवला, दुसऱ्या हातानं फोन.

सासूबाई पुन्हा लाव म्हणाल्या नाहीत, लावू नको असंही म्हणाल्या नाहीत. फोनमधून नुसता जड श्वास ऐकू येत होता, आणि तो सासूबाईंचा की सासऱ्यांचा, ते तिला कळेना.