पोटदुखी

पाण्यात शिसं असलं की जांभळ्या दिव्याखाली हिरवं चमकणारं रसायन आमच्या लॅबमध्ये मी आणि माझी एक सहकारी, आम्ही दोघी वेगवेगळं बनवत होतो. माझं कधी धड चमकलंच नाही, तिचं मात्र पहिल्या फटक्यात. तेव्हापासून सर उठता-बसता तिचंच कौतुक करतात आणि माझ्या पोटात दुखतं. घरी लेकीचंही दोन महिने पोट दुखतंय, पण ते शाळा बुडवायला.

आज पाहुण्यांसमोर त्या सहकारी बाईचं प्रात्यक्षिक होतं. टेबलावर दोन टेस्ट ट्यूब तयार होत्या, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत शिसं घातलेलं. ती त्यांना आणायला खाली गेली, तेवढ्यात मी शिशाचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, ती ट्यूब स्वच्छ विसळली आणि सकाळी घरून भरून आणलेल्या माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्यात भरलं. म्हटलं, होऊ दे बाईची एकदाची शोभा.

तिने दोन्ही ट्यूबमध्ये रसायनाचे थेंब सोडले आणि जांभळा दिवा लावला. शुद्ध पाण्याची ट्यूब काळीच राहिली. माझं पाणी असलेली मात्र हिरवीगार पेटली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "शिक जरा हिच्याकडून!" मी हातातल्या अर्ध्या बाटलीकडे बघत होते. तशीच बाहेर आले आणि सासूबाईंना फोन लावला.


"आई, पोरीला नळाचं पाणी देऊ नका. तिचं पोट खरंच दुखतंय."