पाचवा फोन

“मावशी, पुन्हा एकदा आठवून बघा. ह्यांनी त्या दिवशी फोन तुमच्याकडंच दिला असंल.”

प्रतिभा बाकड्यावर बसली नव्हती. टपरीच्या खांबाला धरून उभी होती. बयाबाईने गाळणी पातेल्यावर आपटली आणि मान हलवली.

“बारा दिवस तेच आठवतेय, पोरी.”

रस्त्यापलीकडे, शेताच्या टोकाला, पेट्रोल डेपोची भिंत अजून काळी होती. आग लागली तेव्हा धूर पार पंचवटीतून दिसला होता. पंपाच्या शेडमधले पाच जण गेले. त्यांत प्रतिभाचा नवरा कुंदन होता आणि बयाबाईचा एकुलता एक सनीही होता.

डेपोत फोन न्यायला बंदी होती. गेटवर फोन ठेवायची सोय होती, पण तिथे रांग फार. म्हणून कामगार आपले फोन बयाबाईच्या टपरीवर टोमॅटोच्या रिकाम्या कॅरेटमध्ये टाकून आत जात. चिठ्ठी नाही, नंबर नाही. बयाबाईच्या सगळं लक्षात राही. डेपोच्या जागी पेरूच्या बागा होत्या तेव्हापासून ती या रस्त्यावर होती. कोणत्या बागेचा पेरू आतून गुलाबी निघायचा हे ती अजून सांगे. कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाचा फोन कोणता, यात ती कधी चुकली नव्हती.

जळालेल्या शेडमध्ये एक वितळलेला फोन सापडला. कॅरेटमध्ये मेलेल्यांचे चारच फोन उरले होते. तीन फोन बयाबाईने तीन घरी स्वतः नेऊन दिले. चौथा तिने छातीशी धरला तेव्हा फौजदारानेही मान खाली घातली होती. राहिला पाचवा, कुंदनचा.

आग फोनमुळेच लागली का, ते तपासात ठरायचं होतं. गल्लीत मात्र ते ठरून गेलं होतं. प्रतिभाच्या दाराला कोणीतरी काळं फासलं. शाळेत तिच्या हर्षालीशेजारी कोणी बसेना. उद्या फौजदार बयाबाईचा जबाब पक्का करणार होता.

“त्या धावपळीत कोणी उचलला असंल,” प्रतिभा म्हणाली. तिची नजर बाकड्यावरच्या मल्हारीकडे गेली.

मल्हारी टँकर चालवायचा. आग भडकली तेव्हा कॅरेट उचलून लांब नेणारा तोच. त्याच्या हातात काळा, नवा कोरा फोन होता.

“मल्हारीभाऊ, जरा तुमचा फोन दाखवता?”

“का? फौजदारीण झाल्या का वहिनी?”

“ह्यांचा पण काळाच होता.”

“काळी तर आमची म्हैसबी हाय. तिला विचारता का?”

बाकड्यावरचे दोघे फिस्सकन हसले. प्रतिभा हात पुढे करून तशीच उभी राहिली. मल्हारीचं हसू मावळलं. त्याने फोन तिच्या तळहातावर ठेवला.

तिने दुसऱ्या हाताने आपल्या फोनवरून कुंदनचा नंबर लावला. बंद. रोजच्यासारखाच. मल्हारीचा फोन तिच्या हातात गप्प पडून होता.

“झालं समाधान? जिवावर उदार होऊन कॅरेट उचललं, त्याचं हे बक्षीस!” त्याने फोन हिसकावून घेतला. “अहो, आजकाल फोन सुटतो का कोणाच्या हातातून? नेला असंल आत. माणूस मेला म्हणून काय देव होतो?”

“मल्हाऱ्या, तोंड आवर,” बयाबाई म्हणाली. “चहा झाला ना? ऊठ.”

तो उठला. त्याच्यामागे ते दोघेही गेले. प्रतिभा त्यांच्याकडे बघत राहिली. तिचा संशय गेला नव्हता, फक्त आता तो कोणावर घ्यावा हे तिला कळत नव्हतं.

खांबावर सनीचा फोटो होता. त्याच्याखाली फळीवर, फडक्यात गाठ मारलेला फोन.

“तुमच्याकडं सनीभाऊंचा फोन तरी राहिला, मावशी. हातात धरायला.”

बयाबाईने फडक्याची गाठ उगाच घट्ट केली.

“दोघं बरोबरच आले होते ना? मग फोन पण बरोबरच दिले असतील की.”

“बरोबर आले. सनीनं दिला. मी कुंदनकडं हात केला, तर म्हणाला, राहू दे, आत्ता येतो.”

“असं म्हणाले? हे?”

“हसत म्हणाला. मला काय ठाऊक पुढचं?”

“साधी साखर आणायची विसरले तरी ते मला येऊन सांगायचे. बिडी नाही, तंबाखू नाही. ते फोन नेतील?” प्रतिभाचा आवाज फाटला. “उद्या तुम्ही एवढंच म्हणा, आठवत नाही म्हणून. तेवढ्यानं माझी पोर वाचंल.”

“खोटं कसं बोलू, पोरी? माझाबी गेला की त्याच आगीत.”

प्रतिभा पहिल्यांदाच बाकड्यावर बसली. मग उठली आणि बयाबाईच्या पायाशी वाकली.

“म्हणजे ह्यांच्यामुळं गेला तुमचा सनी. माफ करा आम्हाला, मावशी.”

“ऊठ. तुझा काय दोष त्यात?”

“उद्या माहेरी जाते, विंचूरला. हर्षालीचं नाव तिकडंच घालीन शाळेत. इथं तिला कोणी जगू द्यायचं नाही.”

“बरं करतेस,” बयाबाई म्हणाली.

प्रतिभा वळणावर दिसेनाशी झाली तसा बयाबाईने स्टोव्ह बंद केला. फळीवरचं फडकं उचलून ती टपरीमागे गेली. पाटाला कालच पाणी सुटलं होतं, काठोकाठ वाहत होतं. तिने गाठ सोडली, फोनचं कव्हर सोलून काढलं. आत हर्षालीचा गणवेशातला छोटा फोटो होता. तो तिने पदराने पुसला, चोळीत ठेवला, आणि कुंदनचा फोन पाण्यात सोडला.